ठकीच्या घरात पाहुणी

"आमच्याकडं औंदा दोघी आल्यात. एक तोंड उघडत न्हाई, न् दुसरी मिटत न्हाई."

वन्सं, मागच्या दारात दूधवाल्या भागूबाईला तुम्ही हे सांगत होतात तेव्हा मी आत पातेलं घेऊन उभी होते. दूध घ्यायला तुम्हीच मला हाक मारली होती. पण तुमचं बोलणं संपण्याआधी बाहेर यावं की नंतर, हे मला ठरवता येईना. भागूबाई हसता हसता खोकली आणि तिनं विचारलं, यातली टिकायची कोण? तुम्ही म्हणालात, एकीचं लग्न लागलंय, तिला जाता येत नाही. दुसरीचं दिवाळीपर्यंत बघू, नाही जमलं तर मळवलीला धाडू, आबांच्या भाताच्या कणगीत उंदीर फार झालेत.

मग मी बाहेर आले. पायांत ती पांढरी मांजरी घोटाळत होती आणि तिचं ओरडणं चालूच होतं. मी सगळं ऐकलंय हे माझ्याकडे बघून तुम्हाला कळलं. तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "पातेलं सरळ धर," एवढंच म्हणालात.

तुम्ही गेल्यापासून आपल्या ओटीवर माणसं येऊन बसत होती आणि तुमच्याबद्दल बोलत होती. नवरा गेल्यावर माहेरी येऊन तुम्ही शेत सांभाळलंत, धाकट्या भावाला शिकवून रेल्वेत तारमास्तर केलंत, कुणापुढे हात पसरला नाहीत. सगळं खरं आहे. मी आतून चहा पाठवत होते आणि ऐकत होते. पण त्यांच्या बोलण्यातली बाई मला फारशी ओळखीची वाटली नाही. माझ्या ओळखीच्या बाईनं दोन मांजरींपायी एक अख्खा पावसाळा घालवला आणि माझ्याशी एक भांडण सुरू केलं, ते अजून मिटलेलं नाही. त्याविषयी बोलायला मला तुमच्याशिवाय कुणी नाही.

मी तोंड का उघडत नाही, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. पुण्याच्या लष्कर भागातल्या आमच्या शाळेत मराठी बोललं की शिक्षा होई. इथे आले, तर मी मराठी बोलले की बायका पदराआड हसत. लग्नानंतर मळवलीला देवदर्शनाला नेलं होतं, तेव्हा वाटेत बसलेल्या एका बाईला मी "कृपया जरा सरकता का" म्हटलं. ती सरकली नाहीच, उलट दहाजणींना बोलावून मला ते पुन्हा म्हणायला लावलं. तेव्हापासून भावकीत माझं नाव 'कृपया' पडलं. दोन्हीकडे बोलणं महागात पडलेलं, म्हणून मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तुम्ही मला 'मडम' म्हणायचात. त्यात मला टोमणा ऐकू यायचा, आणि तो असायचाही.

मांजरी आली ती माझ्या लग्नानंतरच्याच जेठात. आपण दोघी तुंगार्लीच्या तळ्याकडून जांभळं घेऊन परतत होतो. बंगल्यांतली मुंबईची माणसं हंगाम संपवून गेली होती, रखवालदार पावसाआधी व्हरांड्यांना गवताची झापं बांधत होते. एका बंद दारासमोर ती बसली होती आणि दाराकडे बघून ओरडत होती. हंगामात लाड केले आणि जाताना तशीच सोडली, असं रखवालदार म्हणाला. तुम्ही "दर साली हेच" म्हणून पुढे चालू लागलात. मी तिला बोलावलं नाही, उचललं नाही. मी फक्त हळू चालले. आपल्या दाराशी तुम्ही वळून पाहिलंत, तर माझ्या मागे ती.

ही कुणाची, तुम्ही विचारलंत. तेवढ्यात तिनं असा सूर लावला की शेजारच्या खिडकीतून कुणीतरी डोकावलं. तुम्ही जांभळांची टोपली खाली ठेवलीत आणि म्हणालात, बरं, निदान हिला तरी जीभ आहे. ती राहणार नाही हे तुमचं ठरलेलं होतं, म्हणून तुम्ही तिचं नाव पाहुणी ठेवलंत.

आणि घरात ठकी होती. करड्या पट्ट्यांची, एका कानाचं टोक तुटलेली, चुलीच्या उबेला बसणारी. ह्यांना लोणावळ्याला नोकरी लागली तेव्हा तुम्ही मळवलीहून गाडीत बसून आलात त्या तिला मांडीवर घेऊन. रात्री ती तुमच्या पायांशी निजायची आणि दिवसा तुम्ही जाल त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसायची. घरातल्या कुणाला तिला ओलांडून जाण्याची परवानगी नव्हती. वळसा घालूनच जायचं.

पहिली चूक तुमची, हे तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाहीत, म्हणून आता मी लिहून ठेवते. बाजारातून नवी कोंबडी आणली की शेतावर तिला अंगणात डालग्याखाली झाकून ठेवायचे, म्हणजे जुन्या कोंबड्या भोवती फिरतात, तिला बघून घेतात, आणि संध्याकाळी डालगं उचललं की सगळ्या एका खुराड्यात जातात. तुम्ही पाहुणीला तसंच स्वयंपाकघराच्या मध्यावर डालग्याखाली झाकलंत. ठकी आली. एकदा फिरली. मग डालग्यावर चढून बसली आणि वरून फटींतून पंजा घालू लागली. आतली ज्या आवाजात रडली तो मला अजून ऐकू येतो. संध्याकाळी तुम्ही डालगं उचललंत आणि पुढचं फार पटकन झालं. पिठाचा डबा आडवा, पाहुणी जळणाच्या मागे आणि ठकी माळ्यावर. पीठ भरता भरता तुम्ही म्हणालात, "कोंबडीला कळतं ते हिला कळंना." कोणत्या मांजरीला, ते सांगितलं नाहीत.

ठकी माळ्यावरून उतरेना. खालून दूध दाखवलं, सुकट दाखवली, ती मान फिरवून बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ओट्यावर पाट ठेवून, त्यावर चढून, तुम्ही भाकरीचा कुस्करा वर धरला होता. मी दाराशी होते, तुमची पाठ माझ्याकडे होती.

"ठके, खाली ये गं बाई," तुम्ही म्हणत होतात. "हितनं तुला कुनी काडत न्हाई. नवी आली म्हून काय जुनीला काडत्यात व्हय?"

घरात मी आल्यापासून इतक्या हळू आवाजात तुम्ही बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी आवाज न करता मागे सरले. आपल्या दोघींत घाबरलेली मी एकटीच आहे असं मला त्या दुपारपर्यंत वाटत होतं.

दुसरी चूक माझी. आमच्या शाळेतल्या मदर सांगायच्या, नव्या मांजराच्या पंजांना लोणी लावावं. ते चाटत बसतं, आणि चाटून होईपर्यंत घर त्याला आपलं वाटू लागतं. तुम्ही बाजाराला गेलात आणि मी तुपासाठी साठवलेल्या लोण्यात बोटं घातली. पाहुणीनं पंजे चाटले नाहीत. ती घरभर हिंडली. तुम्ही परत आलात तेव्हा फरशीवर, पाटावर, ह्यांच्या कामावर जायच्या कोटावर लोण्याची पावलं होती. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी बोलले. एका दमात, निम्मे शब्द इंग्रजी, मदर, लोणी, पंजे, सगळं. त्या घरातलं माझं ते सगळ्यांत मोठं भाषण होतं.

तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "म्हंजे चार पायांना लोनी फासलं की घर आपलं वाटतं. मग तुला आली तवाच फासायला पायजे हुतं की, मडम."

मला हसू आवरेना. हसू लपवायला मी खाली वाकले, म्हणून ते आधी मला दिसलं. ठकी माळ्यावरून उतरली होती. ती एकेक पाऊल चाटत पुढे येत होती. फरशीवरचं संपवलं, पाटावरचं संपवलं, आणि शेवटची पावलं जिथे जळणाच्या राशीशी संपत होती तिथवर पोचली. आतून पाहुणी फिसकारली. ठकीनं ते शेवटचं पाऊल सावकाश चाटलं, तिच्याकडे एकदा बघितलं आणि परत फिरली. आपण दोघी श्वास धरून उभ्या होतो. "वाया न्हाई गेलं म्हनायचं," तुम्ही लोण्याबद्दल म्हणालात आणि भांडं उचलून फळीवर ठेवलंत, माझा हात पोचणार नाही इतक्या वर.

त्यानंतर तुम्ही घाई सोडली. पाहुणीची बशी न्हाणीघराच्या दाराशी, ठकीची चुलीपाशी. दार आधी बंद, मग फट, मग अर्धं उघडं. बशा रोज थोड्या जवळ, एखादीनं मान वर केली की पुन्हा मागे. आणि एक नियम तुम्ही मला बोट दाखवून सांगितलात, दूध मी घालत होते म्हणून.

"जुनीला आधी. नवी रुसली तर रुसूंदे, ती मागनं खाईल. जुनी रुसली की घर सोडती."

मी ठकीला आधी घालू लागले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना मला सुचलं, की ह्या घरात तुमचा चहा सगळ्यांच्या मागून होतो. आधी ह्यांचा, मग आल्यागेल्याचा, मग नवी म्हणून माझा, आणि उरलेला चोथा पुन्हा उकळून तुम्ही प्यायचात. मी पहिला कप तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही कपाकडे बघितलंत, मग माझ्याकडे. "साखर जास्त झालीया," म्हणालात आणि प्यायलात. पुढे रोज पहिला कप तुमचाच झाला. साखरेबद्दलही रोज बोललात.

मग लुगडं. एकमेकींचा वास ओळखीचा व्हायला हवा, असं तुमचं म्हणणं. तुम्ही पेटीच्या तळातून एक हिरवं लुगडं काढलंत. तुमच्या अंगावर मी कधी हिरवं पाहिलं नव्हतं, पाहणारही नव्हते. ते कधीचं आहे हे मला विचारावं लागलं नाही. तुम्ही दातांनी काठ तोडलात आणि फर्रकन फाडलंत. "नेसायचं न्हाई न् टाकवतबी न्हाई," म्हणालात. "मांजराच्या तरी कामी येईल. तुजं हाय काय असलं?"

माझं होतं. ट्रंकेत शाळेचा निळा स्कर्ट होता. कशासाठी आणला होता ते मलाच माहीत नव्हतं. मी तो आणून दिला. तुम्ही बोटांनी कापड चोळून बघितलंत, चांगलंय म्हणालात, आणि फाडलं नाहीत. तसाच घडी घालून ठकीखाली घातलात. पाहुणीखाली तुमचं लुगडं. मला वाटलं तुमची चूक झाली, ठकी तुमची, तिला तुमचं कापड हवं. मी हात पुढे केला तर तुम्ही तो बाजूला सारलात. "ऱ्हाऊंदे. हिला तुजा वास कळूंदे न् तिला माजा. मग बदलू." रोज संध्याकाळी आपण ती दोन्ही कापडं बदलायचो. एक टोक तुम्ही धरायचात, एक मी. आपण तेव्हा बोलत नव्हतो, पण मला ती वेळ आवडायची. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

आषाढ-श्रावणात घरात धुकं शिरलं की आपल्याकडे काही वाळत नाही. तुम्ही शेगडीवर तेच डालगं पालथं घालायचात आणि वर ओले कपडे पसरायचात. एका सकाळी मी ह्यांचं धोतर उलटायला गेले तर डालग्यावर ठकी होती, उबेला, डोळे मिटून. आणि दुसऱ्या टोकाला पाहुणी. दोघींच्या मध्ये एक बंडी वाळत होती. मी मागच्या दारापर्यंत धावत गेले आणि तुमची बाही ओढली. हाक मारायला मला शब्द नव्हता. तुम्हाला मी तोवर कशानंच हाक मारली नव्हती. तुम्ही हातातली भांडी टाकून आलात. बराच वेळ आपण बघत राहिलो. बंडी थोडी करपली.

भांडण तिथून सुरू झालं. तुम्ही म्हणालात, बघ, लुगड्यानं केलं. मी म्हणाले, लोण्यानं. नंतरही कुणी आलं की तुम्ही मांजरी दाखवून लुगड्याचं सांगायचात आणि मी आतून म्हणायचे, लोणी. आधी हळू, मग ऐकू जाईल असं. हे जेवताना एकदा म्हणाले, "आक्का, तुमचं दोघींचं काही नाही, थंडीनं केलं ते." आपण दोघींनी त्यांच्याकडे एकाच वेळी असं पाहिलं की त्यांनी पुन्हा ताटात मान घातली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण एका बाजूला आहोत.

मग दिवाळी आली. आणि मळवलीहून ह्यांचे चुलते आबा आले, तांदळाच्या पोत्याबरोबर एक रिकामं पोतं घेऊन. तुम्हीच सांगितलं होतंत ना, दिवाळीपर्यंत बघू म्हणून. त्यांनी ओटीवर पान खात विचारलं, कुठे आहे तुमची पाहुणी, घालू आत. मी दाराच्या आड होते. पाहुणी माझ्या पायांशी होती. मला बोलायचं होतं, काय बोलायचं तेही मला ठाऊक होतं. तुम्ही ओटीवरून वळून दाराकडे पाहिलंत आणि थांबलात. आबाही थांबले. तुम्ही चांगल्या थांबलात, सुपारी कातरायची होती ती कातरून झाली तरी. माझ्या घशातून काही बाहेर आलं नाही.

तेव्हा तुम्ही आबांना म्हणालात, "पोतं रिकामंच न्या. तिचं मानूस हाय हितं. बोलत न्हाई, पर हाय."

आबा गेल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात आलात. मला वाटलं रागवाल. तुम्ही पाहुणीच्या बशीत दूध ओतलंत, आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "तुजं बोलनं मी किती दिस बोलायचं, बये?" त्या दिवसापासून तुम्ही मला मडम म्हणणं सोडलंत.

त्यानंतर आपल्याला पुढचा एक पावसाळा मिळाला. या थंडीत तुम्हाला छातीत धरलं. डॉक्टर येत होते, जात होते. तुम्ही उशाला टेकून बसलेल्या असायचात, ठकी पायांशी, पाहुणी खिडकीत. मी काढा घेऊन आले की तुम्ही कडू म्हणून तोंड फिरवायचात आणि मी म्हणायचे, लोणी लावू का? तुम्हाला हसलं की खोकला यायचा. मग मी ते म्हणणं थांबवलं. एका दुपारी तुम्हीच खुणेनं मला जवळ बोलावलंत. मला वाटलं पाणी हवंय. तुम्ही म्हणालात, "लुगड्यानंच केलं." मी म्हणाले, लोण्यानं. तुम्ही डोळे मिटलेत, समाधानानं, असं मला वाटलं. त्यानंतर आपण जे बोललो ते औषधाचं आणि पाण्याचं.

मला तुम्हाला सांगायचं होतं की लुगड्यानंच केलं. मला ते केव्हाच पटलं होतं. पण पटलं असं म्हटलं असतं तर आपल्याला बोलायला काय राहिलं असतं?

तुम्ही गेलात आणि रीतीप्रमाणे तुमचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं, लुगडी वाटली, पेटी रिकामी केली. ठकी त्या रात्रीपासून माळ्यावर आहे, पहिल्या वेळी बसली होती त्याच कोपऱ्यात. मी ओट्यावर पाट ठेवून चढले, कुस्करा धरला. तुम्ही म्हणाला होतात तेच मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायला घरात पाहुणे होते. ती माझ्या हाताकडे बघत राहिली आणि खाली आली नाही. काल मला पाहुणीच्या टोपलीत हिरवं दिसलं. घरातलं तुमचं सगळं दिलं गेलं होतं, पण मांजरीखालची चिंधी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मी पाहुणीला उचललं, तिच्याखाली निळा स्कर्ट घातला आणि लुगड्याचा तो तुकडा चुलीपाशी ठकीच्या जागी अंथरला. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, ते दुमडलेलंच राहिलं. दुपारी ठकी उतरली. तिनं तो तुकडा पायांनी बराच वेळ मळला आणि त्यावर झोपली. उठल्यावर दूध प्यायली. आधी तिला घातलं होतं, पाहुणीला मागून. पाहुणी ओरडली नाही.

आज सकाळी आबा मळवलीला परत जायला निघाले. भले आहेत ते, वन्सं, तुम्हाला माहीतच आहे. ठकी सुकलेली पाहून त्यांना वाईट वाटलं. कालचं दूध त्यांना ठाऊक नव्हतं. ती ओटीवर उन्हाला आली होती. त्यांनी तिला मानेला धरून उचललं, दुसऱ्या हातात पोतं होतं. ह्यांना ते म्हणाले, तिचं मानूस गेलं, आता हितं ती झुरून मरंल, शेतावर चार मांजरं हायत, त्यांच्यात रमंल. ह्यांनी मान खाली घातली. तुमच्या मांजरीबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून येतो, म्हणून ते बोलले नाहीत. मी दाराच्या आड उभी होते, दिवाळीला उभी होते तिथेच. ठकीनं पाय ताठ केले होते. आबांनी पोत्याचं तोंड उघडलं आणि सगळे थांबले आहेत असं मला वाटलं, सुपारी कातरायला कुणी नव्हतं तरी.

वन्सं, मी उंबरा ओलांडला. पदर सारखा केला. आवाज कापला, पण तो सगळ्यांना ऐकू गेला.

"आबा, तिचं माणूस आहे इथं. तिला खाली सोडा."